गायरानावरचं पेव

बुद्ध पौर्णिमेला भांडायचं नाही असा भिमाबाईचा दंडक होता, आणि आजवर दर वर्षी तो तिनंच मोडला होता. या वर्षी मात्र तिला तोंड उघडायची गरज पडली नाही. भांडण तिच्या थोरल्या पोरानं तेलगावहून येताना सोबतच आणलं होतं.

माणिकराव तेलगावला कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला. आल्या आल्या त्यानं पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर केल्या, बाजेवर बसला आणि पाणीसुद्धा न मागता बोलायला लागला. पाणी मागितलं नाही हे त्यानं बरं केलं. टँकर नुकताच येऊन गेला होता आणि घरोघर एकेक घागर भरली होती. ती उद्यापर्यंत पुरवायची होती.

"माय, आडवळणानं बोलत न्हाई. आमच्या जिनिंगचे बद्रीनाथराव उपसा सिंचनाची सोसायटी काढायलेत. आपलं गायरान त्यांच्या सोसायटीत घालू. पेव उघडू, बारा घरांत धान वाटू, आन् आपली सामुदायिक शेती मोडून टाकू. मंग ज्याला जिकडं वाट दिसंल तिकडं त्यानं जावं."

"आन् गायरान?" धाकट्या कचरूनं विचारलं.

"गायरान काय चाटायचंय का बे? तिसरं साल कोरडं चाललंय."

मधला आश्रुबा दोर वळत बसला होता. जमीन कसणारा खरा तोच, पण बोलायच्या वेळी त्याची जीभ टाळूला चिकटायची. दोघं भाऊ भांडून दमले की तो उठायचा आणि माय म्हणेल ते करायचा. भिमाबाईचा जीव म्हणून तर त्याच्यावर जरा जास्त होता, आणि हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं.

नांदूरघाटच्या अलीकडचं हे गायरान काही कुणी ओंजळीत आणून घातलं नव्हतं. बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडून आलेल्या बारा घरांनी पहारीनं तो माळ उकरला. भिमाबाईचा नवरा आप्पा त्यांच्यात पुढं. उभ्या पिकात लोकांनी गुरं घातली, कोर्टकचेऱ्या झाल्या, डोकी फुटली. एकेका घराला फोडणं सोपं असतं, बारा घरांना एकदम फोडणं अवघड, असं म्हणून आप्पानंच सहकारी संस्था काढायला लावली. तो गेला त्याच्या पुढच्या वर्षी ज्वारी अशी आली, की धाटांत उभा माणूस दिसेना. छप्पन साली धम्म घेण्यापूर्वी या लोकांचे बापजादे दुसऱ्यांच्या पेवात उतरत आले होते, स्वतःचं पेव कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्या वर्षी बाराही घरांनी मिळून मुरमात खड्डा खणला. अरुंद गळ्याचा, पोटाशी रुंद, आतून कडब्याचं अस्तर दिलेला. अर्धाच भरला, पण भरला. वर शिळा ठेवून चिखलानं तोंड बुजवलं आणि ठराव केला, की बाराही घरं हो म्हणतील तेव्हाच उघडायचा.

गेल्या वर्षी छबुबाईनं उघडायला सांगितलं होतं. तिची सून बाळंत झालेली, घरात दाणा नव्हता. भिमाबाई म्हणाली, याहून वाईट साल येऊ शकतं. घरातलं पायलीभर तिनं नेऊन दिलं, पण पेव उघडू दिलं नाही. छबुबाईनं ती पायली घेतली आणि बोलणं टाकलं. समोरासमोर दारं असून दोघी वर्षभर एकमेकींच्या डोक्यावरून बघत होत्या. आज छबुबाई उघड उघड माणिकरावाच्या बाजूची होती, आणि तिच्या मागं निम्मी वस्ती.

भिमाबाई कुणाला बोलून दाखवत नव्हती, पण तिला भीती वाटत होती. संस्था मोडली तर गायरान जाईल, गायरान गेलं तर ही बारा घरं कुठल्या कुठल्या शहरांच्या कडेला पांगतील आणि पुन्हा कुणी कुणाला ओळखणार नाही.

"दादा, मी तिकडं काय पाह्यलं ते ऐकशीला?" कचरू म्हणाला.

"तुझं वाळवंट तेलगावपत्तोर ऐकू आलंय की."

"आईक रे," भिमाबाई म्हणाली. कचरू चार वर्षं लिबियात गवंडीकाम करून आठ दिवसांमागं मांजरसुंब्याला ट्रकमधून उतरला होता. तो तिकडच्या गोष्टी सांगायला लागला, की ती हातातलं काम ठेवून द्यायची.

"तिकडं एक डोंगर हाय, जबल नफूसा. तिथं जी माणसं राहत्यात, त्यांना बाहेरचे लोक बर्बर म्हणत्यात. ते सोताला अमाझीग म्हणत्यात. म्हणजे मोकळी माणसं. मुसलमानच हाईत, पण त्यांचा पंथ निराळा, इबादी. लई थोडके. हजार वर्सांपासून थोडकेच. मशिदी बी कशा? जमिनीत निम्म्या गाडलेल्या, चुन्यानं पांढऱ्याफेक. दार इतकं ठेंगणं की सुलतान आला तरी वाकून जावं लागंल."

"जमिनीत कावून बांधायची?" सरूबाईनं, माणिकरावाच्या बायकोनं, विचारलं.

"मारायला येणारे लांबून दिसू नये म्हणून, वहिनी. आन् ऊन बी लागत न्हाई. तेलाचा घाणा जमिनीत, उंट डोळे बांधून फिरतो. बाया घोंगड्या विणत्यात. पण घरात बोलायची भाषा कागदावर लिव्हायला सरकारची बंदी. लेकराला आपल्यातलं नाव ठेवायला गेलं तर हापिसात लिवून घेत न्हाईत."

"नावबी न्हाई?" भिमाबाई म्हणाली.

"न्हाई, माय. तरी घरात त्या नावानंच हाका मारत्यात."

आश्रुबाच्या पाठची दोन लेकरं दगावली म्हणून या पोराचं नाव भिमाबाईनं कचरू ठेवलं होतं, कचऱ्याला काळही हात लावणार नाही म्हणून. निदान ते नाव तिनं ठेवलं होतं. दुसऱ्या कुणी येऊन हे नाव नको म्हटलं असतं तर तिनं त्याचं काय केलं असतं, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

"आन् धानाचं सांग."

"धानाची गढी हाय, माय. गोल, उंच, समद्या गावाची एकच. आत मधमाशीच्या पोळ्यागत खोल्या. एकेका घराची एकेक खोली, पण बाहेरून दार एकच आन् राखणदार एकच. यखलफबाबा म्हणून म्हातारा व्हता. त्यानं मला आत नेलं. काही खोल्या रिकाम्या. त्यांचे मालक शहरात निघून गेलते, कोण दोन पिढ्यांमागं गेलेले. मी म्हणलं, बाबा, ह्या दुसऱ्याला द्या की. तो म्हणला, त्यांची हाय, ते येतील." केरसुणी फिरवावी तसा कचरूनं हात फिरवला. "माय, त्या रिकाम्या खोल्या तो रोज झाडायचा."

बाहेर ऊन रणरणत होतं. भिमाबाईला वाटलं, इतक्या लांब, आपली भाषा नाही, आपला धम्म नाही, आणि तरी त्या म्हाताऱ्याच्या हातातली केरसुणी आपल्याला दिसते आहे. असं कसं होतं, हे तिला कळेना.

"आन् एक," कचरू म्हणाला. "बंद खोली उघडली की तो आत जायचा न्हाई. उंबऱ्यावर बसून ऱ्हायचा. मी इचारलं तर म्हणला, लई दिसांची एकटी हाय, तिला जरा माणसाची सवय होऊ दे."

"येडं हाय," माणिकराव म्हणाला, पण हळू.

शेवटी एका गोष्टीवर दोघा भावांचं जमलं. पेव तर उघडावंच लागणार होतं. याहून वाईट साल येईल असं आता भिमाबाईलाही म्हणता येत नव्हतं. उघडू, धान कसं आहे ते बघू, आणि वाटून मोडायचं का एकत्र खाऊन राहायचं हे वंदनेनंतर बारा घरांनी ठरवू, असं संस्थेचा अध्यक्ष राधाकिशन म्हणाला. बाराही घरं हो म्हणाली. छबुबाईनं हो म्हणताना भिमाबाईकडं पाहिलं नाही.

पेवापाशी सगळे पांढऱ्या कपड्यांत जमले. शिळेच्या कडेचा चिखल वाळून दगड झाला होता. आश्रुबानं तो पहारीनं फोडला, चौघांनी शिळा सरकवली, आणि आतून आंबूस उष्ण वास आला. भिमाबाई एकदम तिच्या लग्नाच्या वर्षात गेली. तिचा सासरा पाटलाचं पेव उघडायला जायचा, तेव्हा आदल्या दिवशीच शिळा काढायचे. नारळ फोडायचे, कोंबडं कापायचे, पेवाच्या आईला दिवा दाखवायचा म्हणून दोरीला बांधून दिवा खाली सोडायचे. दिवा जळता वर आला तरच सासरा उतरायचा, आणि उतरायला नेहमी आपल्यातलाच माणूस लागायचा. छप्पन साली देव नदीत सोडले, तेव्हा पेवाची आईही त्यात गेली. देवांची टोपली भिमाबाईनंच डोक्यावर घेतली होती. दिव्याचं नाव आता ओठावर आलं आणि तिनं ते गिळलं. पौर्णिमेच्या दिवशी, सगळ्या वस्तीदेखत, आपण पेवाच्या आईला दिवा दाखवा म्हणायचं? माणिकरावानं तर हसून हसून गाव गोळा केलं असतं.

"थोडं थांबू का, माय?" कचरू म्हणाला.

"कशापायी?" माणिकराव म्हणाला. "उंबऱ्यावर बसायला? आपुन ते धंदे सोडलेत."

भिमाबाई काही बोलली नाही. आश्रुबानं तिच्याकडं पाहिलं. ती गप्प आहे म्हणजे हरकत नाही असं त्यानं धरलं. कचरूनं हट्टानं त्याच्या कमरेला दोर बांधला, आणि आश्रुबा हसत हसत पेवाच्या गळ्यातून खाली गेला.

"कसं हाय रे?" राधाकिशननं वरून विचारलं.

"गरम हाय," आश्रुबा म्हणाला. मग काहीतरी पुटपुटला, ते कुणाला कळलं नाही. मग पोतं टाकावं तसा आवाज झाला.

कचरूनं आणि छबुबाईच्या पोरानं, भारतनं, दोर ओढला. आश्रुबा वर आला, पण दुमडलेला, आणि पेवाच्या अरुंद गळ्यात खांद्याशी अडकला. ओढावं तितका घट्ट बसे. कचरूनं दोर भारतकडं दिला आणि पाय आत टाकला. भिमाबाईनं त्याची गचांडी धरून त्याला मागं आपटलं.

"एक गेलाय तेवढा बास. आत इखारी हवा हाय. हलवा तिला. घोंगडी आणा, खालीवर करा. पाणी वता, तिचा जोर मोडंल."

पाणी कुठलं? तिची घागर घरात होती, तीच ओतायची. ती वळली आणि थबकली. छबुबाई तिच्या आधी धावत येत होती. डोईवर नाही, कडेवर घागर, निम्मं लुगडं भिजलेलं. छबुबाईनं कुणाला न विचारता सगळी घागर पेवाच्या तोंडात, आश्रुबाच्या डोक्यावर रिकामी केली. घरात वर्षभराचा नातू, आणि उद्यापर्यंत थेंब मिळायचा नव्हता.

मग ज्या बायका धावल्या, त्या कुणाच्या सांगण्यावरून नाही. सरूबाई आली, कचरूची बायको जाईबाई आली, समोरच्या ओळीतल्या आल्या. वाटणी पाहिजे म्हणणाऱ्या आल्या, नको म्हणणाऱ्या आल्या. एकीमागून एक घागर पालथी होत गेली. घोंगडी गळ्याच्या फटीतून खालीवर होत होती. भिमाबाई बघत राहिली. आयुष्यात तिनं मोर्चे पाहिले होते, नदीत देव पाहिले होते, मुंडासं उतरवून माणसं ताठ झालेली पाहिली होती. पण वर्षभर पाण्यासाठी एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या या बायका आज ते पाणी असं ओतत होत्या, आणि एकीच्याही तोंडावर हिशेब नव्हता. तिचे हात आपोआप जोडले गेले. कुणाला, ते तिला कळलं नाही.

"पाय धरा माझे," माणिकराव म्हणाला.

त्यानं पांढरा शर्ट काढून फेकला होता. कुणी काही म्हणायच्या आत तो पेवाच्या तोंडावर पालथा पडला, मोठा श्वास घेतला आणि कमरेपर्यंत उलटा आत गेला. पाय हवेत गेले तेव्हा जवळ होते त्यांनी ते धरले. आत त्यानं आश्रुबाचा एक हात डोक्याच्या वर सरळ केला, मग दुसरा. त्यानं पायांना झटका दिला तसे सगळे ओढायला लागले. आधी माणिकराव बाहेर आला, लालबुंद, ठसकत, आणि त्याच्या मुठीत आश्रुबाची दोन्ही मनगटं होती.

आश्रुबा निळा पडला होता. त्याला सावलीत निजवलं, छाती चोळली, तोंडावर वारा घातला. भिमाबाई त्याच्या उशाशी बसली. तिनं नवस केला नाही, तिला ते येतच नव्हतं आता. बुद्धं सरणं म्हणायला ओठ हलवले आणि आवाज फुटला नाही, तर तिचं वाक्य मागून छबुबाईनं पुरं केलं. बाकीच्यांनी धरलं. ती वंदना अशी, पेवाच्या कडेला, चिखलात उभं राहून झाली.

बऱ्याच वेळानं आश्रुबाला ठसका लागला. त्यानं डोळे उघडले, इतक्या माणसांकडं ओशाळून पाहिलं आणि म्हणाला, "धान चांगलं हाय. कीड न्हाई लागली."

सरूबाई रडता रडता हसली. कचरूनं काही न बोलता कंदील पेटवला, दोरीला बांधला आणि पेवात सोडला. गळ्याच्या खाली उतरला आणि ज्योत आखडली, निळी झाली, विझली. फुंकर नाही, वारा नाही. जिथं काहीच दिसत नव्हतं तिथं ती विखारी हवा होती. लहानथोर सगळे त्या विझलेल्या कंदिलाकडं बघत राहिले.

"देव टाकले ते चांगलंच केलं," भिमाबाई म्हणाली. "पुन्यांदा आणायचे न्हाईत. पण देवासंगं वाट बघणंबी नदीत सोडलं, तिथं चुकलं. भंतेजी म्हणायचे, सोता बघा आन् मंग माना. दिवा म्हणजे बघणंच व्हतं. मला मघाशी आठवलं व्हतं, रे. लाजंपायी बोलले न्हाई."

"मी हसलो असतो," माणिकराव खाली बघत म्हणाला.

"हसला असतास. हसू द्यायचं व्हतं मी."

उन्हं कलती झाल्यावर कंदील जळता वर आला. मग भारत उतरला, आणि ओली झालेली वरची ज्वारी पाट्या पाट्यांनी वर आली. ओल्या धानाला वाट बघता येत नाही, ते आजच संपवायला हवं होतं. घुगऱ्यांना पाणी नव्हतं. मग बायकांनी पेवाजवळच चुली मांडल्या, कढया तापवल्या आणि ओली ज्वारी त्यात टाकून लाह्या फोडायला घेतल्या. पहिली मूठ फुटली तेव्हा पांढरं फूल उसळून कढईबाहेर पडलं. खिरीच्या जागी बुद्धाच्या तसबिरीपुढं लाह्या ठेवल्या. पाण्याचं काय, हे कुणी विचारत नव्हतं. कचरू सायकल काढून नांदूरघाटला टँकरवाल्याच्या पाया पडायला गेला होता.

राधाकिशन खाकरला. त्याला अध्यक्ष म्हणून सभा घेणं भाग होतं. "मंग सकाळचं राह्यलंच की. वाटून मोडायचं का एकत्र ऱ्हायचं? माणिकराव, इषय तुमचा. बोला."

माणिकराव बाजेवर बसून पायाला काहीतरी लावत होता. भिमाबाईनं वाकून पाहिलं. दोन्ही पिंढऱ्यांवर लांब लांब ओरखडे होते आणि एका ठिकाणी हिरव्या काचेचा तुकडा अजून रुतलेला. त्यानं तो उपटला, तळहातावर घेतला आणि सगळ्या बायकांच्या हातांकडं बघत गेला. छबुबाईचा नवरा समोर धडधाकट बसला होता, आणि तिच्या उजव्या हातात एकही बांगडी उरली नव्हती. ती लाह्या हलवत होती.

"मला काय इचारता?" माणिकराव म्हणाला. "मी तर उलटा व्हतो. मला खालचं धान तेवढं दिसत व्हतं. ज्यांनी पाय धरले त्यांना इचारा."

छबुबाईनं कढई उतरवली, पदरानं धरून लाह्यांचं ताट उचललं आणि वर्षभरात पहिल्यांदा भिमाबाईच्या डोळ्यांत बघून ते तिच्यापुढं केलं.

"ऱ्हायचं," ती म्हणाली. "घ्या, गरम हाईत."